मांजराचा ताप हाताला कळत नाही

घरात कुणाला बरे वाटेनासे झाले की आपला हात आधी त्याच्या कपाळावर जातो. मांजर मलूल दिसले की तोच हात त्याच्या कानाला, नाहीतर नाकाला लागतो. कान कढत लागला तर 'ताप आलाय', नाक ओले आणि गार लागले तर 'काही झालेले नाही, ठणठणीत आहे' असा निकाल जागच्या जागी लागतो. हे दोन्ही निकाल भरवशाचे नाहीत. गॅलरीतल्या उन्हात तासभर लोळून आलेल्या धडधाकट मांजराचा कान तापलेला असतो. उलट, ज्याच्या जिवावर बेतले आहे अशा मांजराचे कान थंडगार असू शकतात, आणि नाकाचा ओलावा तर झोप, ऊन, पंखा यांनुसार दिवसातून चार वेळा बदलतो.

मुळात निरोगी मांजराचे अंग माणसापेक्षा गरमच असते. त्याचे नेहमीचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८.१ ते ३९.२ अंश सेल्सिअस. थर्मामीटरवर १०१.५ दिसले की माणूस रजा टाकून पांघरूण घेतो. मांजर त्याच तापमानाला खिडकीत बसून कबुतरांवर डोळा ठेवून असते. त्यामुळे आपल्या तळहाताला मांजर नेहमीच उबदार लागते आणि नेहमीच्या उबेवर चढलेले दोन अंश केसांच्या थरातून हाताला जाणवत नाहीत.

कानाला हात लावण्यात गडबड काय होते, हे समजण्यासाठी सयामी मांजराकडे पाहावे. त्याचे अंग फिकट सायीच्या रंगाचे, आणि कान, तोंडाचा पुढचा भाग, पंजे व शेपूट गडद तपकिरी. केसांना रंग देणारे एक विकर या मांजरांमध्ये जन्मतःच थोडे सदोष असते, ते फक्त थंडाव्यात काम करते. धड गरम, म्हणून तिथे रंग धरत नाही. टोके थंड, म्हणून तिथे केस काळवंडतात. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब असल्याने सयामी पिल्ले जन्मताना पांढरीच असतात. शस्त्रक्रियेसाठी पोटावरचे केस भादरले तर त्या जागी नवे केस काही काळ गडद येऊ शकतात, कारण उघडी त्वचा थंड पडलेली असते. थोडक्यात, मांजराच्या तापमानाचा नकाशाच त्याच्या अंगावर रंगवलेला असतो, आणि त्या नकाशात कान थंड टोकाला येतात. कानाला हात लावून ताप ओळखणे म्हणजे घराच्या पायरीला हात लावून चुलीत जाळ किती आहे ते सांगण्यासारखे आहे.

तापलेले अंग आणि चढलेला ताप

पाळीव मांजराचा मूळ पुरुष म्हणजे कोरड्या, उष्ण प्रदेशात राहणारे आफ्रिकी रानमांजर. त्यामुळे मांजराला उबेची ओढ असते. माणूस ज्या हवेत पंखा लावतो त्या हवेत ते सेट-टॉप बॉक्सवर किंवा फ्रिजच्या माथ्यावर जाऊन पसरते. आसपासचे तापमान तीस अंश सेल्सिअसच्या वर असले तरच त्याला अंग ऊबदार ठेवण्यासाठी वेगळी शक्ती खर्च करावी लागत नाही. पण ऊब आवडणे वेगळे आणि उष्णता बाहेर टाकता येणे वेगळे. मांजराला अंगभर घाम येत नाही. घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना. दवाखान्याच्या स्टीलच्या टेबलावर घाबरलेल्या मांजराच्या पावलांचे ओले ठसे उमटतात ते त्याचे. बाकी भिस्त अंग चाटण्यावर. लाळ केसांवरून सुकते तेव्हा थोडा गारवा मिळतो.

नागपूर, अकोला, जळगावच्या मे महिन्यात हवा ४४-४५ अंशांवर जाते, म्हणजे मांजराच्या अंगापेक्षाही गरम होते. तेव्हा उष्णता अंगातून हवेत जाण्याऐवजी हवेतून अंगात शिरू लागते, आणि पंखा फिरत असला तरी कोरड्या अंगावर तो गरम वाराच मारतो. मुंबई-कोकणात पारा इतका चढत नाही, पण हवेतल्या दमटपणामुळे चाटलेली लाळ लवकर सुकत नाही. पत्र्याखालची खोली, बंद गॅलरी, सावलीत उभी केलेली पण काचा बंद असलेली गाडी ही उष्माघाताची नेहमीची ठिकाणे. चपट्या नाकाच्या, दाट केसांच्या पर्शियन मांजरांना धोका जास्त. कुत्रा जीभ काढून धापा टाकतो ती त्याची रोजची रीत झाली. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर मात्र ते साधे नव्हे. जोरदार खेळानंतर किंवा घाबरवणाऱ्या प्रवासात मिनिटभर तसे झाले तर निभावते. बसल्या जागी आणि थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठावा.

उष्माघातात अंग तापते ते मांजराच्या इच्छेविरुद्ध. ताप मात्र शरीराने स्वतः ठरवून चढवलेला असतो. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये तापमानाचे नियंत्रण असते. त्याची तुलना गिझरच्या थर्मोस्टॅटशी करता येईल. जंतू आत शिरले की संरक्षक पेशी संदेश सोडतात, त्यातून प्रोस्टाग्लॅन्डिन तयार होते आणि थर्मोस्टॅट दोन-तीन अंश वर सरकतो. आता १०१ अंश हे शरीराला 'थंड' वाटू लागते. मग मांजर अंग चोरून बसते, कधी थरथरते, केस फुलवते आणि उष्णता वाचवण्यासाठी कान-पंजांकडचा रक्तपुरवठा आखडता घेते. म्हणजे ताप चढत असतानाच कान गार लागू शकतात. हाताची फसगत नेमकी इथे होते.

हा फरक उपचारात फार मोठा ठरतो. उष्माघात झालेल्या मांजराला लगेच सावलीत न्यावे, नळाच्या साध्या पाण्याने अंग, पोट आणि पंजे भिजवावेत, त्यावर पंख्याचा वारा द्यावा आणि दवाखान्याची वाट धरावी. बर्फ किंवा बर्फाचे पाणी नको. त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उष्णता आतच कोंडते. थर्मामीटर १०३.५ पर्यंत उतरले की भिजवणे थांबवावे, नाहीतर तापमान खाली घसरतच जाते. मांजर उठून चालू लागले तरी तपासणी टाळू नये. मूत्रपिंडाला, आतड्याला किंवा रक्त गोठण्याच्या यंत्रणेला बसलेला तडाखा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतो.

तापात मात्र ओल्या पट्ट्यांचा उपयोग नाही. थर्मोस्टॅट वर सरकलेला असताना बाहेरून गार केले तर शरीर आणखी कुडकुडते आणि असलेली शक्ती उष्णता निर्माण करण्यात घालवते. १०३-१०४ अंशांचा ताप स्वतःहून इंद्रियांना इजा करत नाही. त्या तापमानाला अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि संरक्षक पेशी अधिक चपळ होतात. उपचार करायचा तो तापामागच्या कारणावर. १०३ च्या वर आकडा आणि जोडीला मलूलपणा असेल तर पशुवैद्यकाला फोन करावा, १०४ असेल तर त्याच दिवशी दाखवावे, १०५ च्या वर गेला तर रात्र असली तरी थांबू नये.

कारणे अनेक, पण मोकाट फिरणाऱ्या बोक्यांमध्ये एक कारण पुन्हा पुन्हा आढळते : भांडणातला चावा. बोक्याचा सुळा सुईसारखा बारीक असतो. त्वचेला पडलेले भोक दिवसभरात मिटते आणि तोंडातले जंतू आत अडकतात. दोन-चार दिवसांनी ताप चढतो, बोका एक पाय टाकेनासा होतो किंवा शेपटीच्या मुळाशी हात लावू देत नाही. घरचे म्हणतात, 'कुठून तरी पडला असेल.' तिथे पू साचलेला असतो. असे गळू फोडून साफ करावे लागते. अँटिबायोटिक कोणते आणि किती दिवस, हे पशुवैद्यकानेच ठरवायचे. लहान पिल्लांत तापासोबत उलट्या, जुलाब आणि पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसणे दिसले तर पॅनल्यूकोपेनियाची शंका आधी घ्यावी. हा विषाणू पांढऱ्या पेशींचा फडशा पाडतो, आणि घरातल्या फरशीवर, टोपलीत, अंथरुणात महिनोन्‌महिने टिकतो. एक पिल्लू या आजाराने गेलेल्या घरात लस न टोचलेले दुसरे पिल्लू आणणे म्हणजे तेच दुःख पुन्हा ओढवून घेणे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होणारी लस यावर उत्तम काम करते.

आणखी एक ताप आहे तो अँटिबायोटिकला दाद न देणारा. दिवसचे दिवस १०३-१०४ अंशांवर रेंगाळणारा, तरुण मांजरांत जास्त दिसणारा, कधी पोटात पाणी भरणारा. मांजरांच्या स्वतःच्या एका कोरोना विषाणूत बदल होऊन हा आजार होतो. माणसांच्या कोविडशी त्याचा संबंध नाही, आणि तो माणसाला होत नाही. एफआयपी या नावाने ओळखला जाणारा हा आजार काही वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ हमखास जीवघेणा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत नील्स पेडरसन यांच्या गटाने २०१९ मध्ये जीएस-४४१५२४ या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला. नैसर्गिकरीत्या आजारी पडलेल्या ३१ मांजरांपैकी २६ मांजरांनी किमान १२ आठवड्यांचे उपचार पूर्ण केले आणि त्यांतली बहुतेक सगळी पुढेही जगली. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात ज्या रेमडेसिव्हिरसाठी लोक रात्रभर धावत होते, त्याचे शरीरात गेल्यावर याच रेणूत रूपांतर होते. न उतरणाऱ्या तापाला 'आता काही उपाय नाही' म्हणण्याचे दिवस त्यामुळे मागे पडले आहेत. मात्र निदान लवकर व्हावे लागते.

औषधाच्या डब्यातला धोका

ताप आहे असे वाटले की पुढचा हात औषधांच्या डब्याकडे जातो. लहान मुलाला देतो त्यातली पाव गोळी, किंवा दोन थेंब सिरप, एवढ्याने काय होणार, असा विचार असतो. पॅरासिटामॉल, मग ते क्रोसिन म्हणून घरात असो, डोलो म्हणून असो की सर्दीच्या एखाद्या मिश्र गोळीत लपलेले असो, मांजरासाठी विष आहे. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी धडधाकट मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते. पाव गोळीनेही गंभीर विषबाधा होते.

यामागचे कारण मांजराच्या आहारात दडलेले आहे. माणसाचे यकृत पॅरासिटामॉलला एक साखरेसारखा रेणू चिकटवते आणि लघवीवाटे बाहेर घालवते. हे काम करणाऱ्या विकराचे जनुक मांजराच्या पूर्वजांत कधीच मोडून पडले, आणि त्याची उणीव त्यांना जाणवली नाही. पाने-फळे खाणाऱ्यांना वनस्पतींतल्या विषांचा निचरा करावा लागतो, केवळ मांसावर जगणाऱ्याला नाही. सिंह आणि चित्त्यातही हे जनुक असेच निकामी आहे. बाहेर न पडलेले औषध मग दुसऱ्या वाटेने फुटते आणि त्यातून तयार झालेली द्रव्ये रक्तातल्या हिमोग्लोबिनवर तुटून पडतात. रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. काही तासांत हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास जोरात चालतो. एन-ॲसिटिलसिस्टीन हे त्यावरचे उतारा-औषध आहे, पण ते वेळेत मिळाले तरच. गोळी देऊन झाली असेल तर ती लाजेने लपवू नये. किती दिली आणि केव्हा दिली, हे पशुवैद्यकाला सांगितले तर वाचवण्याची संधी असते. आयब्युप्रोफेनचीही तीच गत. तिथे पोटात व्रण आणि मूत्रपिंडांवर घाव होतो.

आकडा घ्यायचा कसा

करोनाच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर रोखायची बंदूक मांजरासाठी बाद समजावी. ती केसांचे तापमान मोजते. काखेत धरलेला थर्मामीटर कमी दाखवतो, आणि किती कमी हे दर वेळी बदलते. खात्रीचा आकडा गुदद्वारातूनच मिळतो. त्यासाठी लवचीक टोकाचा डिजिटल थर्मामीटर वेगळा ठेवावा आणि त्यावर मांजराचे नाव लिहावे. ते न लिहिल्यास पुढे काय होईल हे सांगायला नको. पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर वापरू नये, मांजराने उसळी घेतली तर तो आत तुटू शकतो.

दोन माणसे लागतात. एकाने टॉवेलात गुंडाळलेले मांजर पोटाशी धरावे, दुसऱ्याने टोकाला व्हॅसलिन लावून शेपूट अलगद उचलावी आणि थर्मामीटर साधारण दोन सेंटिमीटर आत सरकवून बीप होईपर्यंत थांबावे. जोर लावू नये. मांजर फारच झटापट करत असेल तर सोडून द्यावे. धाप लागलेल्या मांजरावर तर हा प्रयोग मुळीच करू नये. घाबरण्यानेही तापमान वर चढते, त्यामुळे भाजीच्या पिशवीतून रिक्षाने आलेल्या मांजराचा दवाखान्यातला १०३ हा आकडा ताप असेलच असे नाही. उलट आकडा अनपेक्षितपणे कमी आला तर थर्मामीटर पुरेसा आत गेला नव्हता किंवा तो विष्ठेत रुतला होता, ही शक्यता तपासून एकदा पुन्हा मोजावे. मांजर बरे असताना, शांत दुपारी, दोन-तीन वेळा मोजून त्याचा नेहमीचा आकडा लिहून ठेवला तर आजारपणात तुलना करता येते.

आकड्याआधी दिसते ते

बहुतेक मांजरांचे आजार थर्मामीटरने नव्हे, घरच्यांच्या नजरेने पकडले जातात, आणि ती नजर नेमकी कशावर ठेवायची हे ठाऊक असावे लागते. एकट्याने शिकार करणारा हा छोटा प्राणी स्वतःही मोठ्या प्राण्यांचे भक्ष्य होता. दुखणे दाखवणे त्याला परवडणारे नव्हते. त्यामुळे मांजर कण्हत नाही. ते फक्त रोजच्या गोष्टी करणे एकेक करून सोडते. ओट्यावर उडी मारणारे मांजर खुर्चीवरून टप्पा घेऊन चढू लागते. दारात येणारे पलंगाखालून बाहेर येत नाही. अंग चाटणे थांबले की पाठीवरचे केस चिकट, उभे राहिलेले दिसतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पांढुरका पडदा अर्ध्यावर येऊन थांबतो. आणि गुरगुरणे हे सुखाचे लक्षण मानू नये. जखमी, अगदी मरणपंथाला लागलेली मांजरेही गुरगुरतात.

चेहरा वाचण्याची एक शास्त्रशुद्ध पद्धतही आता उपलब्ध आहे. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजरांच्या वेदनेची चेहरापट्टी प्रसिद्ध केली. कान कितपत बाहेर वळून पडले आहेत, डोळे किती मिटलेले आहेत, तोंडाचा भाग किती ताणलेला आहे, मिशा सैल आहेत की ताठ पुढे आल्या आहेत आणि डोके खांद्यांच्या वर आहे की खाली, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाची गरज आहे असे समजायचे. शांत बसलेल्या मांजराकडे अर्धा मिनिट निरखून पाहिले तरी हे जमते. मात्र झोपलेल्या किंवा खाणाऱ्या मांजराला हे गुण देऊ नयेत.

झोपेतल्या मांजरासाठी दुसरी, याहून सोपी मोजणी आहे. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. मिनिटाला तीसपेक्षा कमी असावेत. सलग दोन-तीन वेळा मोजून ते तिशीच्या वर येत असतील तर हृदय किंवा फुप्फुस तपासून घ्यावे. मांजरांत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बराच आढळतो आणि तो बाहेरून काहीच दाखवत नाही.

खाण्याबाबत आपल्या घरांतली एक समजूत मांजराला घातक ठरते. लंघन हे मोठे औषध, पोटाला विश्रांती मिळाली की ताप उतरतो, असे आपण ऐकत आलो. मांजराला हे लागू नाही. दोन-तीन दिवस अन्न गेले नाही तर शरीरातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृतच निकामी होऊ लागते. गुबगुबीत मांजरांना हा धोका सर्वाधिक. कानाच्या आतली त्वचा पिवळसर दिसू लागली तर ती त्याचीच खूण. सर्दीने नाक चोंदलेले मांजर भूक नसते म्हणून नव्हे, वास येत नाही म्हणून खात नाही. अन्न कोमट करून दिले तर ते कधीकधी तोंड लावते. चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर फोन करायला तेवढे कारण पुरे.

गार अंगाची भीती

मांजराचा आकडा चढलेला पाहून लोक धावपळ करतात, उतरलेला पाहून सुस्कारा सोडतात. पण ९९ च्या खाली गेलेले तापमान बऱ्याचदा तापापेक्षा वाईट बातमी असते. शरीराकडे उष्णता तयार करायला शक्ती उरलेली नाही किंवा रक्त पोचत नाही, असा त्याचा अर्थ होतो. म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडे थकत आली की असे होते. मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे, गार आणि मांजर किंचाळते आहे, असे दिसले तर रक्ताची गुठळी अडकलेली असते. तिथे मिनिटे मोजावी लागतात.

बोक्यांमध्ये सगळ्यात फसवी गोष्ट लघवी तुंबण्याची. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. कणीदार गाळ किंवा चिकट बुच बसले की तो बंद होतो. बोका पुन्हा पुन्हा रेतीत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो. घरच्यांना वाटते पोट साफ होत नाही, आणि एरंडेल दिले जाते. ताप पाहिला तर तोही नसतो. मग 'उद्या बघू' होते. रेती मात्र कोरडी असते, आणि तीच पाहायची. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम साचते, हृदयाचे ठोके मंद होतात, अंग गार पडू लागते, आणि दोन-तीन दिवसांत बोका जातो. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नये, मूत्राशय फुटू शकतो. रेतीत ओला गोळा नाही आणि बोका कुंथतो आहे, एवढ्यावरच रात्री-अपरात्री निघावे.

पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, बंद दुकानाच्या फळीवर पिल्ले सापडतात. गरम, कोरडी आणि एकमेकांना बिलगून गप्प झोपलेली असतील तर त्यांची आई जवळपासच आहे असे धरून लांबून तासन्‌तास वाट पाहावी. भाटी पिल्ले एकेक करून हलवते. भिजलेले, एकटे, आवाज बसलेले पिल्लू मात्र उचलावेच लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लाचे नेहमीचे तापमानच ९५ ते ९७ अंश असते, आणि चौथ्या आठवड्यापर्यंत ते हळूहळू शंभरीला पोचते. थंडी वाजली तर कुडकुडण्याची सोयही नवजात पिल्लाला नसते. आईची कूस हाच त्याचा थर्मोस्टॅट. इथे मात्र आपला हात उपयोगी पडतो. पिल्लाच्या तोंडात करंगळीचे टोक घातले आणि आतून गार लागले, तर ते धोक्यात आहे.

अशा वेळी माणसे सगळ्यात आधी दूध पाजायला जातात. गारठलेल्या पिल्लाची आतडी थांबलेली असतात आणि गिळण्याची क्रियाही मंद झालेली असते. दूध पोटात नासते किंवा श्वासनलिकेत उतरते, आणि ज्याला वाचवायला घेतले ते पिल्लू हातातच गुदमरते. आधी पुसून कोरडे करावे. कोमट-गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे फार गरम झाले तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येईल. तास-दोन तासांत हळूहळू ऊब आली आणि ते तोंडाने चोखण्याची हालचाल करू लागले की मग पशुवैद्यकांकडे मिळणारे पिल्लांचे तयार दूध द्यावे. गाईच्या दुधाने जुलाब होतात. पाजताना पिल्लू पोटावर, चारी पाय टेकलेले असावे, तान्ह्या बाळासारखे उताणे नव्हे. आणि पाजून झाल्यावर कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने त्याचा मागचा भाग हलकेच चोळावा. आई जिभेने तेच करते. पहिले तीन आठवडे त्याशिवाय पिल्लाला शी-शू होत नाही.